काटा एक आणि हमाल ६४

वाचकाचं पत्र:

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी आम्ही चौघे मिळून एक सॉफ्टवेअर चालवतो. सौदा, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराचं बिल, सेस, सगळं त्यातच. सुमारे १५० दुकानं जोडलेली आहेत. डेटाबेस पोस्टग्रेस १३. आधी ८ कोअरचा सर्व्हर होता. हळदीच्या हंगामात तो दमायचा, म्हणून यंदा कर्ज काढून दोन सॉकेटचा (म्हणजे दोन प्रोसेसरचा), एकूण ६४ कोअर आणि २५६ जीबी रॅमचा सर्व्हर घेतला. डेटा हलवला, मॅक्स कनेक्शन्स, म्हणजे एका वेळी डेटाबेसला किती जण जोडले जाऊ शकतात ती मर्यादा, २०० ची १००० केली. सकाळी सगळं सुरळीत असतं. दुपारी सौदे आटोपून सगळी दुकानं एकदम बिलं काढायला बसली, की एक बिल सेव्ह व्हायला १० ते १५ सेकंद लागतात. जुन्या सर्व्हरवर इतका वेळ कधी लागला नव्हता. बिलाचा नंबर सलग लागतो, म्हणून सीक्वेन्स (डेटाबेसचा आपोआप वाढणारा, पण मधे खाडे पडू शकणारा आकडा) न वापरता एका टेबलात शेवटचा नंबर ठेवतो. नंबर मिळाला की बिलाच्या ओळी भरतो, खाती लावतो, एसएमएस पाठवतो आणि मग कमिट करतो, म्हणजे व्यवहार पक्का करतो. सर्व्हर परत करावा, की डेटाबेसच बदलावा?
– एक वाचक, सांगली

उत्तर:

नमस्कार. सर्व्हर परत करू नका आणि डेटाबेसही बदलू नका. तुमच्या पत्रातल्या दोन ओळींतच बहुतेक उत्तर आहे: मॅक्स कनेक्शन्स १००० केली ती एक, आणि एका टेबलातला शेवटचा नंबर ही दुसरी.

यार्डात ६४ हमाल उभे केले पण तोलाईचा काटा एकच ठेवला, तर पोती काट्यापाशीच साचणार. वर ६४ जणांच्या गर्दीतून काट्यापर्यंत पोचण्यातच वेळ जाणार, जो आठ जणांच्या रांगेत जात नव्हता. मोठा सर्व्हर जुन्यापेक्षा हळू चालतो तो असा. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब इथे लागू पडतो. कामाचा फक्त ५ टक्के भाग एका वेळी एकालाच करता येण्यासारखा असेल, तर ६४ कोअरवर वेग ६४ पट होत नाही, साधारण १५ पट होतो. कोअर कितीही वाढवले तरी २० पटीच्या पुढे तो जातच नाही. तुमच्या बिलात हा भाग ५ टक्के नाही, जवळजवळ सगळा आहे.

तरी आमच्या अंदाजावर विसंबू नका, आधी मोजा. दुपारच्या गर्दीतच पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला थेट आज्ञा देण्याचं साधन) उघडा. सध्याची कनेक्शनं दाखवणाऱ्या पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या व्ह्यूमधून स्टेट ‘ॲक्टिव्ह’ असलेल्या ओळी घ्या आणि वेट इव्हेंट टाइप व वेट इव्हेंट (कनेक्शन कशासाठी थांबलं आहे) या दोन रकान्यांवर गट करून मोजणी काढा. शेवटी अर्धविरामाऐवजी बॅकस्लॅश आणि ‘वॉच १’ लिहिलं, की तीच मोजणी दर सेकंदाला होत राहते. पाच मिनिटं चालू द्या आणि फाइलमध्ये साठवा. (सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये शब्दांच्या मधे अंडरस्कोअर येतो.)

आता वाचायचं कसं? ‘लॉक’ गटात ट्रान्झॅक्शन आयडी आणि टपल हे जास्त दिसले, तर माणसं एकाच ओळीसाठी थांबली आहेत. ‘एलडब्ल्यूलॉक’ गटात प्रॉकअॅरे दिसलं, तर कनेक्शनांची गर्दी. वॉल राइट किंवा वॉल सिंक दिसलं, तर डिस्क (वॉल म्हणजे प्रत्येक बदल आधी डिस्कवर लिहायची नोंदवही). लॉक मॅनेजर दिसलं, तर एकेक क्वेरी फार टेबलं, पार्टिशनं आणि इंडेक्स हाताळते आहे: आवृत्ती १७ पर्यंत प्रत्येक कनेक्शनला झटपट लॉकच्या फक्त १६ जागा असतात, त्या भरल्या की सामाईक तक्त्याकडे जावं लागतं. आणि वेट इव्हेंट रिकामा असेल, तर ते कनेक्शन खरोखर सीपीयू वापरतंय किंवा सीपीयूच्या रांगेत आहे. तुमच्याकडे पहिल्या दोन गोष्टी ठळक दिसतील असं आम्हाला वाटतं. कोण कुणाला अडवतंय ते पीजी ब्लॉकिंग पिड्स या फंक्शनला अडकलेल्या कनेक्शनचा पिड (प्रोसेसचा क्रमांक) दिला की कळतं.

बिलाच्या नंबरापासून सुरू करू, कारण खरा काटा तोच आहे. नंबराच्या ओळीवर अपडेट चालवलं की त्या ओळीचं लॉक तुमच्या हातात येतं आणि कमिट होईपर्यंत सुटत नाही. मधल्या काळात तुम्ही जे जे करता, ते सगळं बाकीच्या १४९ दुकानांच्या वाट पाहण्यात मोजलं जातं. एसएमएस कंपनीच्या सर्व्हरने उत्तर द्यायला ३०० मिलिसेकंद घेतले असं धरा. मग सेकंदाला जास्तीत जास्त तीन बिलं, म्हणजे अख्ख्या यार्डाची मिळून तीन. कोअर ८ असोत की ६४, या आकड्यात फरक पडत नाही. चाळीस दुकानांनी एकाच वेळी सेव्हचं बटण दाबलं, तर शेवटच्याला १२-१३ सेकंद. तुम्ही लिहिलेले १० ते १५ सेकंद इथूनच आले असावेत.

एक गोष्ट इथे नीट पाहण्यासारखी आहे. सलग नंबर लागतो हे खरं, पण तो सगळ्या यार्डाचा मिळून नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, १६ अक्षरांपर्यंत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो, आणि मालिका एक किंवा अनेक चालतात. हे बंधन त्या त्या करदात्यापुरतं आहे. प्रत्येक अडत्या स्वतंत्र करदाता आहे. म्हणजे १५० दुकानांना एका ओळीत बांधायची गरजच नव्हती. नंबराच्या टेबलात दुकान, आर्थिक वर्ष आणि मालिका अशी ओळ करा. एका दुकानात दोन काउंटर असतील, तर दोन मालिका ठेवता येतील. हे आपापल्या सीएला एकदा दाखवून घ्या.

दुसरं, नंबर घेण्याची जागा बदला. बिलाला आतला ओळख-क्रमांक वेगळा द्या. तो सीक्वेन्समधून येऊ दे, त्यात खाडे पडले तरी बिघडत नाही, कारण तो कागदावर छापायचाच नाही. बिलाचा मथळा छापील नंबराशिवाय घाला, ओळी भरा, खाती लावा. सगळं झाल्यावर शेवटी नंबराची ओळ अपडेट करून ‘रिटर्निंग’ने नवा नंबर घ्या, मथळ्यात लिहा आणि लगेच कमिट करा. ही दोन वाक्यं आणि कमिट ॲपकडून एकेक करून पाठवू नका. बिल सेव्ह करण्याची सगळी वाक्यं एका फंक्शनमध्ये बांधा आणि ते वेगळ्या बिगिनशिवाय एकाच वाक्यात बोलवा (फंक्शनच्या आत कमिट करता येत नाही, ते संपलं की आपोआप होतं), म्हणजे लॉक हातात असताना नेटवर्कची फेरी मोजली जाणार नाही. दुकान, वर्ष, मालिका, नंबर यांवर युनिक इंडेक्स हवाच. व्यवहार फिसकटला तर नंबराचं अपडेटही मागे फिरतं, म्हणून मालिकेत खाडा पडत नाही.

एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाठवायचा मजकूर एका टेबलात ओळ म्हणून घाला. वेगळा प्रोसेस ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ लावून ओळी उचलेल आणि पाठवेल. आता जे चालू आहे त्यात आणखी एक धोका आहे: एसएमएस गेला आणि नंतर कमिट फसलं, तर शेतकऱ्याच्या मोबाइलवर न झालेल्या सौद्याची रक्कम दिसते. वेगापेक्षा ही चूक मोठी.

नंबराच्या टेबलाचा फिलफॅक्टर (डेटाचं पान किती टक्के भरायचं ते) १० करा. दीडशे ओळी ८ केबीच्या एक-दोन पानांत दाटीने बसण्यापेक्षा पसरतील आणि अपडेटनंतर मागे राहिलेल्या ओळींच्या जुन्या प्रती त्याच पानात साफ होत राहतील. फिलफॅक्टर बदलल्यावर टेबल एकदा व्हॅक्यूम फुलने लिहून काढावं लागतं, नाहीतर आधीच्या ओळी आहेत तिथेच राहतात. टेबल एवढंसं आहे, क्षणात होईल.

आता कनेक्शनं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे स्वतंत्र प्रोसेस. नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर प्रत्येक क्वेरी स्वतःचा स्नॅपशॉट घेते, म्हणजे या घडीला कोणाचे व्यवहार उघडे आहेत याची यादी. आवृत्ती १३ पर्यंत ही यादी करताना सगळी कनेक्शनं चाळावी लागतात, नुसती बसून असलेलीसुद्धा. १००० कनेक्शनांतली ९०० निवांत असली तरी त्यांचा भार बाकीच्या १०० जणांवर पडतो. आणि खरोखर ३००-४०० जण एकदम कामाला लागले, तर ६४ कोअरवर त्यांची अदलाबदल करण्यातच सीपीयू खर्च होतो. तुम्हाला सीपीयू भरलेला दिसतो, बिलं मात्र निघत नाहीत.

म्हणून ॲप आणि पोस्टग्रेस यांच्या मधे पीजीबाउन्सर बसवा. तो मोजकी कनेक्शनं (पूल) उघडी ठेवून ती सगळ्यांना आळीपाळीने देतो. पूल मोड ट्रान्झॅक्शन ठेवा, म्हणजे व्यवहार संपला की कनेक्शन दुसऱ्याला मिळतं. मुळात तो सेशन असतो आणि त्याने तुमचं काम होणार नाही. मॅक्स क्लायंट कनेक्शन १५०० आणि डिफॉल्ट पूल साइज ६४ पासून सुरुवात करा. पोस्टग्रेसकडचं मॅक्स कनेक्शन्स २०० वर आणा. पोस्टग्रेसच्या वर्तुळात जुना ठोकताळा आहे: कोअरच्या दुप्पट, अधिक डिस्कची संख्या. त्यात हायपरथ्रेडिंगचे कोअर धरत नाहीत. तुमचे ६४ खरे कोअर आहेत की ३२ चे ६४ दिसतायत, हे एलएससीपीयू या कमांडने आजच बघून घ्या. ठोकताळ्याप्रमाणे १२८ पर्यंत जाता येईल, पण लहान व्यवहारांना बहुतेक वेळा त्याहून कमीच पुरतात. ४८, ६४, ९६, १२८ असे आकडे एकेका दिवशी ठेवून बघा आणि सेकंदाला किती बिलं गेली ते लिहून ठेवा.

पीजीबाउन्सर लावताना चार ठिकाणी ठेच लागते. पूलचा आकडा डेटाबेस आणि युजर यांच्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र असतो. प्रत्येक दुकानाला वेगळा डेटाबेस युजर दिला असेल, तर ६४ गुणिले १५० होतील आणि होतं त्याहून वाईट होईल. ॲपने एकाच युजरने जोडावं, दुकानाची ओळख डेटातून द्यावी. दुसरी ठेच, फाइल डिस्क्रिप्टरची मर्यादा अनेक लिनक्सवर १०२४ असते. १५०० क्लायंट त्यात मावत नाहीत, सर्व्हिस फाइलमध्ये ती ४०९६ करा. तिसरी, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सेशनला चिकटलेल्या गोष्टी तुटतात: सेट केलेली सेटिंग, लिसन, सेशनची ॲडव्हायझरी लॉकं, कमिटनंतरही वापरायची तात्पुरती टेबलं. चौथी जावावाल्यांची. जेडीबीसी (जावा ॲपला डेटाबेसशी जोडणारा दुवा) तीच क्वेरी पाचव्यांदा आली की सर्व्हरवर प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे आधीच तयार ठेवलेली क्वेरी, करतो, आणि मग ‘एस १ अस्तित्वात नाही’ असा एरर अधूनमधून येतो, तोही गर्दीतच. पीजीबाउन्सर १.२१ किंवा पुढचा घ्या आणि मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स २०० ठेवा. जुनाच वापरायचा असेल, तर जेडीबीसीचा प्रिपेअर थ्रेशोल्ड शून्य करा. पीजीबाउन्सर स्वतः एकाच कोअरवर चालतो. टॉपमध्ये तो १०० टक्क्यांवर दिसला, तर सो रीयूजपोर्ट लावून त्याच पोर्टवर दुसरा चालवता येतो. तुमच्या आकारमानाला ती वेळ येईल असं वाटत नाही.

मेमरीत एक छुपा खर्च आहे. २५६ जीबी रॅमला शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची सामाईक मेमरी) ६४ जीबी ही ठीक सुरुवात आहे. पण लिनक्सचं पान ४ केबीचं, आणि पानामागे नोंद ८ बाइटची. ६४ जीबीसाठी एका प्रोसेसची पानसूची १२८ एमबी होऊ शकते, आणि ती प्रत्येक प्रोसेसची वेगळी असते. १००० कनेक्शनांनी हळूहळू सगळे बफर हाताळले, तर नुसत्या सूच्यांनाच १२० जीबीच्या वर रॅम जाईल. प्रॉक खालच्या मेमइन्फो फाइलमध्ये पेजटेबल्स ही ओळ दुपारी बघा. उपाय ह्यूज पेजेसचा: २ एमबीची पानं केली की तीच सूची २५६ केबीवर येते. ६४ जीबीला ३२,७६८ पानं लागतात, वर थोडी जास्तीची. आवृत्ती १५ पासून नेमका आकडा पोस्टग्रेसच सांगतो. सेटिंग ‘ट्राय’ न ठेवता ‘ऑन’ करा. ट्रायमध्ये पानं कमी पडली तर तो मुकाट्याने ४ केबीवर जातो आणि कुणाला कळत नाही, ऑनमध्ये सुरूच होत नाही, म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते. ट्रान्स्परंट ह्यूज पेजेस ही वेगळी गोष्ट आहे, ती मात्र बंद ठेवा.

डिस्ककडेही बघाच, कारण ‘जुना बरा होता’ याचं कारण कधीकधी तिथे निघतं. प्रत्येक कमिटला वॉल डिस्कवर पक्का लिहावा लागतो. जुन्या सर्व्हरमध्ये बॅटरीवाल्या कॅशचं रेड कार्ड असेल, तर ते लिहिणं कॅशमध्येच तत्काळ पक्कं व्हायचं. नव्यात वीज गेली तरी डेटा सांभाळणारे कपॅसिटर नसलेली साधी एसएसडी असेल, तर दर वेळी काही मिलिसेकंद जाऊ शकतात. पोस्टग्रेससोबत पीजी टेस्ट एफसिंक नावाचं साधन येतं. ते वॉल ज्या डिस्कवर आहे तिथे चालवा आणि दोन्ही सर्व्हरचे आकडे शेजारी ठेवा. एफसिंक (डिस्कवर पक्कं लिहून घेण्याची सेटिंग) बंद करा असा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. वीज गेली की डेटाबेस उघडणारही नाही अशी वेळ येते. सिंक्रोनस कमिट बंद करणं त्याहून सौम्य आहे. त्यात डेटा मोडत नाही, पण अचानक बंद पडल्यास शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेकंदातल्या नोंदी जाऊ शकतात. भाव-फलक, लॉग यांच्या व्यवहारांपुरतं ते चालेल. बिलाला आणि पट्टीला नाही. मॅक्स वॉल साइज मुळात १ जीबी असतो, तो ३२ करा आणि चेकपॉइंट टाइमआउट १५ मिनिटं (चेकपॉइंट म्हणजे मेमरीतले बदल डेटा फाइलींत उतरवणं). चेकपॉइंट फार लवकर होतायत अशी तक्रार लॉगमध्ये दिसत असेल, तर फरक लगेच जाणवेल.

दुपारीच कुणी महिन्याचा आवक-रिपोर्ट काढत असेल, तर त्याला वेगळा युजर द्या. बिलांच्या युजरला मॅक्स पॅरलल वर्कर्स पर गॅदर (एका क्वेरीच्या मदतीला किती जादा प्रोसेस) शून्य, रिपोर्टच्या युजरला ४. वर्क मेम (सॉर्टसारख्या कामाची मेमरी) प्रत्येक वर्कर वेगळा वापरतो, शिवाय क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला वेगळा, हे धरून आकडा ठेवा. जिट (क्वेरीचा मशीन कोड बनवणारी सोय) बिलांना बंदच बरा. ऑटोव्हॅक्यूमचे (जुन्या ओळी आपोआप साफ करणारे) वर्कर ३ चे ६ केले तर नुसतं तेवढ्याने काम वाढत नाही, कारण कॉस्ट लिमिट सगळ्यांत वाटली जाते. २०० ची २००० करा. आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट एक मिनिट ठेवा. कुणी व्यवहार उघडा टाकून जेवायला गेलं, तर जुन्या ओळी साफ होत नाहीत आणि नंबरासारख्या सतत बदलणाऱ्या टेबलांना त्याचा पहिला फटका बसतो.

आता आवृत्ती. १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, सुरक्षेच्या दुरुस्त्याही आता येत नाहीत. २०२१ च्या १४ मध्ये स्नॅपशॉटचं काम मुळातून बदललं, रिकाम्या कनेक्शनांचा भार जवळजवळ गेला. १६ मध्ये एकाच टेबलात अनेकांनी एकदम भर घालताना टेबल वाढवण्यावरची रांग आखूड झाली. १७ किंवा १८ वर जा. पीजी अपग्रेड लिंक पर्यायाने लवकर होतं, पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुन्यावर परतता येत नाही. म्हणून आधी बॅकअप घ्या आणि तो एकदा दुसरीकडे उघडून बघा. १७ वर गेलात तर क्वेरीचा प्लॅन ठरवायला लागणारी आकडेवारी सोबत येत नाही. व्हॅक्यूमडीबीने ॲनालाइझ इन स्टेजेस चालवल्याशिवाय दुकानं उघडू देऊ नका, नाहीतर प्लॅन भलतेच निघतील.

नव्या सर्व्हरवर डेटा हलवताना डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी कॉपी केली का? जुन्यावर उबुंटू १८.०४ किंवा सेंटओएस ७ असेल आणि नव्यावर त्यापुढची प्रणाली, तर लिनक्सच्या ग्लिबसी या लायब्ररीत २.२८ पासून अक्षरक्रम बदलला आहे. नावांवरचे, गावांवरचे इंडेक्स चुकीच्या क्रमात असू शकतात. असलेला शेतकरी शोधात सापडत नाही आणि दुसऱ्यांदा नोंदला जातो. अशी दुहेरी खाती दिसली असतील, तर आधी ती निस्तरा आणि मजकुराच्या रकान्यांवरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा. डंप काढून भरला असेल, तर ही काळजी नाही.

दोन सॉकेटचा प्रश्न, म्हणजे एका प्रोसेसरला दुसऱ्याजवळची मेमरी वाचायला लागणारा जास्तीचा वेळ, शेवटी घ्या. लिनक्सचा झोन रिक्लेम मोड शून्य आहे ना ते बघा, बायॉसमधली पॉवर सेटिंग परफॉर्मन्सवर ठेवा. मग एका शांत दिवशी न्यूमाकंट्रोलने पोस्टग्रेस एकाच सॉकेटच्या ३२ कोअरवर बांधून चाचणी घ्या. बिलं तेवढीच निघाली, तर दुसरा सॉकेट मदत करत नाहीये, तो मेमरीच्या ये-जा करण्यातच खर्च होतोय. मग मेमरी इंटरलीव्ह करून (दोन्ही सॉकेटांत सारखी वाटून) पाहण्यात अर्थ आहे.

चाचणीसाठी पोस्टग्रेससोबत येणारं पीजीबेंच वापराल तेव्हा स्केलकडे लक्ष द्या. त्याच्या मूळ चाचणीत जितका स्केल तितक्याच शाखांच्या ओळी, आणि प्रत्येक व्यवहार एका शाखेची शिल्लक बदलतो. स्केल १० ठेवून ६४ क्लायंट सोडले, तर १० ओळींवर ६४ जण झोंबतात, आणि तुम्ही सर्व्हर नव्हे, रांग मोजत बसता. स्केल १००० घ्या, डेटा १५ जीबीच्या आसपास होईल. पीजीबेंच दुसऱ्या मशीनवरून चालवा. त्याहून चांगलं म्हणजे तुमच्या बिलाचीच चार-पाच वाक्यं त्याच्या स्क्रिप्टमध्ये घाला.

क्रम असा ठेवा: पहिल्या आठवड्यात एसएमएस आणि नंबर, दुसऱ्यात पीजीबाउन्सर, मग ह्यूज पेजेस, आणि हळदीची आवक वाढायच्या आत आवृत्ती. एका दिवशी एकच बदल. नंबर आणि पूल हे दोन्ही झाल्यावरही दुपारी बिल एका सेकंदाच्या वर जात असेल, तर पुन्हा लिहा. सोबत तीन गोष्टी पाठवा: पाच मिनिटांची ती वेट इव्हेंटची मोजणी, एलएससीपीयूचं आउटपुट आणि पीजी टेस्ट एफसिंकचे दोन्ही सर्व्हरचे आकडे.